कापलेल्या बातम्या

४ नोव्हेंबर

काल वर्तमानपत्राला भोक निघालं.

फाटलेलं नाही, कुरतडलेलं नाही. दुसऱ्या पानावर धान्याच्या भावांखाली कात्रीने नीट कापलेला चौकोन. मी खड्या आवाजात वाचत होते, "दक्षिणेकडच्या बंदरातून असं कळतं की", आणि पुढे कागदच नाही. भोकातून माझ्या मांडीवरचं इस्त्रीचं फडकं दिसत होतं. इस्त्रीखाना माणसांनी भरलेला. सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत. काय कळतं? दक्षिणेकडच्या बंदरातून काय कळतं? मला आयुष्यात कधी इतकी लाज वाटली नव्हती.

अकरा वर्षं मी या गल्लीला वर्तमानपत्र वाचून दाखवते. मंगळवारी आणि शुक्रवारी अंक येतो. सकाळी न्हाव्याच्या दुकानात, दुपारी औषधवाल्याकडे, संध्याकाळी माझ्याकडे. माझ्याकडे का, तर निखाऱ्यांमुळे खोली उबदार असते, टेबलं लांब आहेत, आणि मला वाचता येतं. मी वाचते तेव्हा माझ्या वाटणीचे कपडे बाकीच्या इस्त्रीवाल्या करतात. असं ठरलेलंच आहे.

आणि मी अंक आधी उघडून बघत नाही. न्हावी बघतो, औषधवाला बघतो, त्यांना काय लाज. मी गल्लीबरोबर पहिल्यांदा वाचते. आमचे हे छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. त्यांनीच मला अक्षर शिकवलं. ते म्हणायचे, आधी वाचून मग लोकांना वाचून दाखवणारा माणूस नाटकी होतो, आणि मधलं वगळणारा लबाड होतो. मी नाटकी नाही आणि लबाड तर नाहीच. काल मात्र माझं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

ज्याने कापलंय त्याला मी सोडणार नाही.

५ नोव्हेंबर

न्हाव्याकडे गेले. विचारलं, कात्री कोणी लावली? तो गिऱ्हाइकाच्या गालाला साबण फासत होता. म्हणाला, "मावशी, उंदीर असेल."

मी म्हटलं, "चौकोनी दातांचा उंदीर आहे वाटतं तुझ्याकडे."

गिऱ्हाईक हसलं. न्हावी हसला नाही. एरवी हा माणूस प्रेतालाही विनोद सांगेल. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

औषधवाला म्हणतो, माझ्याकडे आला तेव्हाच असा होता. मी म्हटलं, बघितलंत तर मग सांगितलं का नाही? खांदे उडवले. हा मनात वाचणारा माणूस. ओठ न हलवता वाचतो, पानामागे पान, आणि चेहऱ्यावर काही उमटत नाही. अशा वाचणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. काय गिळलं आणि काय थुंकलं, कळायला मार्ग नाही.

७ नोव्हेंबर

परत भोक. यावेळी पहिल्या पानावर, मधोमध. आणि मोठं.

मी वाचताना थांबले आणि म्हटलं, इथे एक बातमी होती, ती कोणीतरी खाल्ली. एरवी शेंगदाण्याचा भाव सुटला तरी ओरडतात. काल अळीमिळी गुपचिळी. आमच्यातली बुटकी इस्त्रीवाली तर मान खाली घालून एकाच बाहीवरून इस्त्री फिरवत राहिली.

सुनेने कॉलर जाळली. पांढरी, नवी, वकिलाची. तिच्या हाताला इस्त्रीचं वळण मीच लावलं, चार वर्षांत तिने एक धागा पिवळा केला नव्हता. मी विचारलं, लक्ष कुठे आहे? म्हणाली, "चुकलं, आई." बस, एवढंच.

या बाईचं हल्ली काहीतरी बिनसलंय. माझा मुलगा, आमचा सुतार, जहाजावर गेला त्याला वर्ष होत आलं. त्याचं शेवटचं पत्र वसंतात आलं. दर रविवारी ही ते माझ्यापुढे आणून ठेवते, आई, वाचा. तिला अक्षर येत नाही, मी शिकवून थकले. पण पत्र पाठ आहे तिला. मी एक शब्द इकडेतिकडे केला तर टोकते. परवा मी त्या पत्राचा विषय काढला तर ऐकलं न ऐकलंसं केलं. नवऱ्याचं पत्र नकोसं होतं म्हणजे काय?

९ नोव्हेंबर

काल रविवार होता. पत्र नाही. मीच म्हटलं, आण, वाचते. म्हणाली, नको आई, दमलात तुम्ही.

मी दमले? मी कधी वाचून दमले?

१२ नोव्हेंबर

परवाच्या अंकाला भोक नव्हतं. वाटलं, माझ्या धाकाने सुधारले. बघू.

निखारे धरायला वेळ आहे तोवर लिहिते. या गल्लीला वाचनाची किंमत नाही, हे मला आज नव्याने कळत नाहीये. शिंपी ओठ हलवत वाचतो आणि बोटाखालची ओळ निसटली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. मागच्या हिवाळ्यात औषधवाल्याने प्रवासाचं एक पुस्तक शिवण उसवून चार भागांत गल्लीत फिरवलं. शिंप्याला तिसरा भाग आधी मिळाला. त्याच्या लेखी तो प्रवासी आधी घरी परतला, मग वाळवंटात हरवला आणि शेवटी घरून निघाला. फार दुःखी गोष्ट आहे म्हणतो. भाजीवाली पुडीचा कागद फेकायच्या आधी माझ्याकडे आणते, बघा हो काही कामाचं आहे का. निम्मी बातमी, निम्मा तेलाचा डाग. मी तीही वाचून दाखवते. कुणाचं औषध, कुणाची नोटीस, कुणाच्या बहिणीचं पत्र, सगळं माझ्या टेबलावर येतं.

पण ऐकतात मात्र मनापासून, हे मान्य करायला हवं. जुना राजा गेला तेव्हा चौकात ढोल वाजवून सांगितलं होतं. आमची गल्ली मंगळवारपर्यंत थांबली. मी वाचल्यावर म्हातारा मोची उठला, टोपी काढली आणि म्हणाला, "म्हणजे खरंच गेला." मावशीने वाचलं म्हणजे झालं, अशी इथे बोलायची रीत आहे. मी ती चालू केलेली नाही. पण ती ऐकताना मला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

बुटकीचा भाऊ कारखान्याच्या आगीत गेला तेव्हाही नाव माझ्याच तोंडून आलं. ती समोर इस्त्री करत उभी होती. मला ठाऊक नव्हतं, मी आधी उघडून बघते थोडीच. नाव आलं, ती खाली बसली. मी बातमी पूर्ण केली आणि मग तिला पाणी दिलं. आवाज हलू दिला नाही. अर्धी बातमी वाचून सोडणं म्हणजे मेलेल्याचा अपमान. लोक मला त्या दिवशी दगडाची म्हणाले. म्हणोत.

१४ नोव्हेंबर

तिसरं भोक. पान जवळजवळ अर्धं गेलंय. तळपायाची आग मस्तकात गेली.

काल मी वाचायला सुरुवातच केली नाही. अंक उंच धरला, सगळ्यांना दाखवला आणि न्हाव्याला म्हटलं, "ऊठ. सगळ्यांसमोर सांग, हे काय आहे."

तो उठला. टोपी हातात.

मी म्हटलं, "अंक सगळ्यांचा. त्यात प्रत्येकाचा वाटा आहे. तू त्यातला घास काढून घेतोस आणि उष्टं आमच्यापुढे टाकतोस. तुझ्यासारख्याला चोर म्हणतात."

त्याने एकदा माझ्या मागे बघितलं. मागे सून उभी होती. मग म्हणाला, "म्हणा मावशी. जे म्हणायचं ते म्हणा."

चोर तो चोर आणि वर साळसूद. मी आणखी बरंच बोलले. त्याच्या बापाचंही काढलं. कोणी मध्ये पडलं नाही. तो निघाला तेव्हा सुनेने खुंटीवरचा कंदील काढला आणि त्याला दारापर्यंत सोडायला गेली. पायरीवर थांबून दोघं बोलली. काय बोलली ते ऐकू आलं नाही. तिने त्याच्या बाहीला हात लावला, हे मात्र मी या डोळ्यांनी बघितलं.

१८ नोव्हेंबर

लिहावं की नाही, कळत नाही. पण दुसऱ्या कुणाला सांगू?

काल भरदुपारी सून न्हाव्याच्या दुकानात होती. धुतलेले टॉवेल पोचवायचे होते, कबूल. पण टॉवेल पोचवायला एवढा वेळ लागतो? मी खिडकीतून बघत होते. तो वाकून हलक्या आवाजात काहीतरी सांगत होता आणि ती तोंडावर पदर धरून ऐकत होती. मला बघून दोघं लांब झाली.

जेवत नाही. भांडी घासताना मध्येच थांबते आणि भिंतीकडे बघत राहते. सुताराचं नाव काढत नाही. मी काढलं तर उठून जाते. मी काय मूर्ख आहे? माझा मुलगा खाऱ्या पाण्यात फळ्या ठोकतोय आणि इथे ही.

लेकी बोले सुने लागे म्हणून बुटकीला मोठ्याने सांगितलं, काही बायकांना नवरा नजरेआड झाला की मनाआड व्हायला वेळ लागत नाही. बुटकी म्हणाली, "मावशी, पुरे." मला. माझ्या इस्त्रीखान्यात.

सुनेच्या हातून इस्त्री सुटली. फरशीचा तुकडा उडाला. ती वाकली, निखारे एकेक करून चिमट्याने उचलले, आत भरले आणि पुन्हा कपडा पुढे ओढला. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

२१ नोव्हेंबर

सापडला उपाय. इतके दिवस सुचलं कसं नाही?

हेच वर्तमानपत्र पलीकडच्या गल्लीतही येतं, पाववाल्याकडे. तो जुने अंक ठेवतो, पाव गुंडाळायला. आज सकाळी तडक गेले. म्हटलं, या महिन्यातले आहेत तेवढे दे. त्याला वाटलं मला कागद हवेत. म्हणाला, "तुम्हाला कोण नाही म्हणणार, मावशी." तीन तारखेचा मिळाला, सहाचा मिळाला, तेराचाही. तिन्ही अख्खे.

मंगळवारी सगळ्यांना बोलावणार. न्हाव्याला तर हाताला धरून आणणार. काय लपवलंय ते त्याच्याच समोर वाचून दाखवते. कुणाचं तरी बिंग असणार. बहुतेक त्याचंच. औषधवाल्यालाही वाटा मिळाला असेल, म्हणून तो गप्प.

अंक घडी घालून, वर दोरी बांधून, फळीवर ठेवलेत. उघडून बघितले नाहीत. मोह झाला. पण नियम तो नियम. गल्लीने आणि मी एकदमच ऐकायचं.

२४ नोव्हेंबर

आज संध्याकाळी. टेबल रिकामं करून घेतलं. सून म्हणाली, "आई, तुम्ही कुठून आणलेत ते अंक?" चेहरा खळीसारखा पांढरा. मी म्हटलं, आता का? तेव्हा कुजबुजताना भीती नाही वाटली?

ती म्हणाली, "आई, नका वाचू."

म्हणजे माझा संशय खरा आहे.

३० नोव्हेंबर

लिहिते. सगळं लिहिते. मी काही वगळत नाही.

मंगळवारी खोली भरली होती. न्हावी स्वतःहून आला, धरून आणावं लागलं नाही. मी टेबलावर खाली अख्खा अंक पसरला आणि वर आमचा भोकाचा. कडा जुळवल्या, सुरकुती हाताने मोडली. या कामाला इस्त्रीच्या टेबलासारखं टेबल नाही. भोकातून खालचा मजकूर बरोबर दिसायला लागला, चौकटीत बसवल्यासारखा. मी म्हटलं, बघा, असं असतं चोराचं. न्हावी म्हणाला, "मावशी, एक मिनिट माझं ऐका. बाहेर या." मी म्हटलं, जे सांगायचं ते इथे सांग. बुटकीने माझं मनगट धरलं. मी झटकलं.

तीन तारीख. दक्षिणेकडच्या बंदरातून असं कळतं की. पुढच्याच ओळीत आमच्या सुताराच्या जहाजाचं नाव. नेमलेला दिवस उलटून पंधरवडा झाला तरी किनाऱ्याला लागलेलं नाही.

तिथे थांबता आलं असतं. सगळे उभे राहिले होते. सून म्हणत होती, आई, आई. पण माझे हात पुढचा अंक पसरत होते. त्यांना तेवढंच येतं. सहा तारीख. खडकाळ किनाऱ्यावर फळ्या, दोरखंड आणि एक उलटी होडी सापडली. तेरा तारीख. समुद्राने परत दिलेल्यांपैकी ज्यांची ओळख पटली त्यांची यादी. तांडेल. स्वयंपाकी. दोन खलाशी. जहाजाचा सुतार, डाव्या अंगठ्याला नख नसल्यावरून.

ते नख नवव्या वर्षी गेलं होतं, हातोडीखाली. मीच फडकं बांधलं होतं.

यादी संपेपर्यंत मी वाचलं. खाली छापील एक ओळ होती, मृतांच्या नातेवाइकांनी अमुक कचेरीत चौकशी करावी. तीही वाचली. बुटकी म्हणते, आवाज हलला नाही. त्यानंतरचं मला आठवत नाही.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

१ डिसेंबर

राग जात नाही. मला सगळ्यांचा राग येतो. पूर्ण गल्लीला माहीत होतं. न्हाव्याला, औषधवाल्याला, बुटकीला, भाजीवालीला. माझ्या मुलाचं मरण गल्लीने आपसात वाटून घेतलं आणि मला भोक ठेवलं. महिनाभर मी त्याच्यासाठी सदरा शिवत होते. बाह्या लांब ठेवल्या होत्या, तो वाकून काम करतो म्हणून. कोणी तरी म्हणायचं ना, मावशी, राहू दे.

मी कुणाचं मरण कधी लपवलं? बुटकीला मी तिच्या भावाचं नाव तोंडावर वाचून दाखवलं. माझ्या वेळी मात्र सगळ्यांना दयेचा पान्हा फुटला. ही दया नाही, हा उद्दामपणा आहे. मला काय झेपतं ते ठरवणारे हे कोण?

न्हावी दारात आला होता. मी दार लावून घेतलं. त्याने बाहेरून हाक मारली नाही. बराच वेळ पायरीवर बसून होता.

२ डिसेंबर

आज सुनेशी बोलले. म्हणजे ओरडले.

मी म्हटलं, कोणी सांगितलं होतं कापायला? नावं सांग.

म्हणाली, "मीच."

"तू?"

"टॉवेल द्यायला गेले होते. न्हावी अंक घेऊन बसला होता. माझ्याकडे बघून त्याने पान मिटलं. मी म्हटलं, काय आहे ते वाच. त्याने वाचलं. मग मीच त्याच्या हातात कात्री दिली."

मी म्हटलं, "मी मेले असते काय ऐकून? एवढी लेचीपेची वाटले तुला?"

"तुमच्यासाठी नाही कापलं, आई."

"मग?"

ती खळीच्या भांड्यात हात घालून बसली होती. काढला नाही. म्हणाली, "न्हावी अडखळत वाचतो. एक शब्द सोडतो, दुसरा जोडतो. त्याने वाचलं तेव्हा मी म्हटलं, चुकला असेल. दुसऱ्या वेळीही म्हटलं, चुकला असेल. तुम्ही चुकत नाही. तुम्ही वाचलंत की झालं. मला ते व्हायला नको होतं."



"अंगठ्याचं तरी त्याने नीट वाचलं असणार," मी म्हटलं.

"ते वाचलं. तरी मी म्हटलं, आईंनी कुठे वाचलंय अजून."

मी तिला काय काय बोलले होते. न्हाव्यावरून. नवरा मनाआड झाल्यावरून. तिने ते सगळं ऐकून घेतलं, कारण उलट उत्तर द्यायचं तर खरं सांगावं लागलं असतं. नवऱ्याच्या नावाचा एक महिना तिने कसाबसा उसना आणला होता, आणि मी तो तिला टोमणे मारण्यात संपवला. रागाला आता जायला जागा नाही. माझ्याकडेच येतो आणि बसतो.

मी तिच्या हातावरची खळ पुसली. मग दोघी रडलो. लिहिण्यासारखं आणखी काही नाही.

५ डिसेंबर

शुक्रवारी वाचन केलं नाही. अंक औषधवाल्याकडेच राहिला. माणसं आली, भिंतीला टेकून बसली, निखारे विझत आले तशी उठून गेली. कोणी वाचा म्हणालं नाही.

न्हाव्याकडे गेले. म्हटलं, तुझ्या बापाचं काढायला नको होतं. तो म्हणाला, "बाप माझा होताच तसा, मावशी." मग म्हणाला, "पण चोर म्हणालात ते लागलं." मी म्हटलं, लागायलाच हवं होतं, कागद सगळ्यांचा होता. तो म्हणाला, तेही खरं. एवढ्यावर मिटलं.

९ डिसेंबर

काल सूनच म्हणाली, वाचा. "न वाचता बसलात तर घर जास्त रिकामं वाटतं, आई."

संध्याकाळी न्हावी औषधवाल्याकडून अंक घेऊन स्वतः आला. म्हणाला, "मावशी, दुसऱ्या पानावर." मी हात वर केला. आधी सांगायचं नाही. म्हणाला, "मी कात्री लावलेली नाही. पण तुम्ही म्हणालात तर." मी म्हटलं, कात्रीला हात लावून तर बघ.

खोली भरली. पहिलं पान वाचलं. कर वाढला, पूल खचला, कुठल्याशा सरदाराला मुलगा झाला. दुसरं पान. जहाजाच्या मालकाचा खुलासा, असा मथळा.

मी वाचायला लागले. "सदर जहाज बंदरातून निघताना सर्वतोपरी सुस्थितीत होतं. तळाच्या फळ्यांची डागडुजी वेळोवेळी करण्यात आली होती. ती डागडुजी जहाजावरच्या"

आणि पुढची ओळ माझ्या डोळ्यांना आधी दिसली. सुताराने हलगर्जीपणे केली, सबब सदर अपघाताचा दोष सर्वस्वी त्याचा आहे.

शेवटचा घरी आला तेव्हा याच टेबलाशी बसून सांगत होता, आई, मालक लाकूड देत नाही. मागितलं तर म्हणतो, आहे त्यात भागव. कुजक्यावर कुजकं ठोकतोय मी. मी म्हटलं होतं, मग जाऊ नकोस. तो हसला होता. आणि आता हा गलेलठ्ठ माणूस उबदार कचेरीत बसून माझ्या मुलाच्या अंगावर पाणी ढकलतोय, कारण तो उत्तर द्यायला येणार नाही. मला इतका राग कधीच आला नव्हता. न्हाव्याचा नाही, सुनेचा नाही, माझा स्वतःचाही नाही. अंगठा कागदावर असा दाबला गेला की शाई लागली.

सगळे वाट बघत होते. सून समोर, हातात इस्त्री, माझ्या ओठांकडे बघत होती. मी वाचलं की झालं.

मी वाचलं, "ती डागडुजी जहाजावरच्या सुताराने जिवापाड केली. त्याने माझ्याकडे वारंवार लाकूड मागितलं, मी दिलं नाही. सबब सदर अपघाताचा दोष सर्वस्वी माझा आहे. सही, मालक."

वाचता येणारे तिथे आम्ही चौघं. शिंप्याच्या हाती अंक पडत नाही. औषधवाला कोपऱ्यात बसला होता, अंक दुपारी त्याच्याकडेच होता. त्याने माझ्याकडे बघितलं. त्याच्या त्या मख्ख चेहऱ्यावर काही तरी हललं, हे मी पहिल्यांदाच बघितलं.

न्हावी म्हणाला, "बरोबर आहे. सकाळी मीही हेच वाचलं."

"मीही," औषधवाला म्हणाला.

म्हातारा मोची म्हणाला, "कबूल तरी केलं मेल्याने." भाजीवालीने मालकाला सात पिढ्यांच्या शिव्या दिल्या. बुटकी रडत होती.

सून म्हणाली, "आई, पुन्हा एकदा वाचा."

मी पुन्हा वाचलं, शब्दाला शब्द तेच. यावेळी अडखळले नाही.

ते पान रद्दीत जाऊ दिलं नाही, सकाळी निखाऱ्यांवर टाकलं. आज पाणी भरायला गेले तर पलीकडच्या गल्लीतला पाववाला भेटला. त्याच्याकडेही तोच अंक येतो. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. तो म्हणाला, "काल तुम्ही वाचलंत ते कानावर आलं, वाईट वाटलं हो मावशी. आमच्याकडच्या अंकात काहीतरी भलतंच छापलंय. छापखान्याची चूक दिसतेय."